पासवर्डला लागलेली हळद

"पासवर्डला हळद कुणी लावली?"

देव्हाऱ्यासमोर उभी राहून मी ओरडले. माझं ओरडणं म्हणजे साधंसुधं नव्हे. तेव्हा गडहिंग्लज डेपोत कंडक्टर म्हणून मला सोळा वर्षं झाली होती, आणि भरल्या गाडीत मागच्या सीटपासून ड्रायव्हरपर्यंत आवाज पोचवायची घशाला सवय लागली होती. मी हळू बोलते तेव्हा लोक दचकतात, मोठ्यानं बोलते तेव्हा कुत्री गल्ली सोडतात, असं माझा भाऊ सुहास म्हणतो.

आई स्वयंपाकघरात घुगऱ्यांना फोडणी देत होती. कामात असली की आई तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. मी तीनदा विचारलं.

"मी लावली," ती आतून म्हणाली. "नवी वस्तू घरात आली तर हळदकुंकू लावायचं न्हाई?"

"वस्तूला लाव की! चिठ्ठीला कशाला?"

"त्यो सातापाच म्हणाला न्हवं का काल, ह्या चिठ्ठीतच सगळं हाय, चिठ्ठीबिगर डबा म्हंजे नुस्ता डबा. मग पूजा कुणाची करायची? डब्याची का चिठ्ठीची?"

मी चिठ्ठी उजेडात धरली. नेटचा डबा बसवणाऱ्या सातापानं शाईच्या पेनानं दोन ओळी लिहून दिल्या होत्या, वर युजरनेम आणि खाली पासवर्ड. आईनं ती देवांपुढे ताम्हणाखाली ठेवली, सकाळी देवांना अंघोळ घातली, ती चिठ्ठीलाही घडली, आणि मग हळद, कुंकू, अक्षता असं सगळं यथासांग झालं. वरची ओळ कशीबशी वाचता येत होती. खालच्या ओळीच्या जागी एक पिवळा-निळा-तांबडा डाग होता आणि त्यात एक तांदूळ चिकटला होता.

घड्याळात साडेबारा वाजले होते. माझ्याकडे जेमतेम दोन तास होते.

कशासाठी ते सांगते. सुहास माझ्याहून बारा वर्षांनी लहान. जर्मनीत नोकरीला. बारा दिवसांपूर्वी त्याला मुलगी झाली होती आणि आज तिचं बारसं होतं, तिकडे त्यांच्या घरी. आता बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. आई नाही, बाप नाही, आजी नाही, आत्या. मी लग्न केलं नाही, त्यामुळे मानपानाचे प्रसंग माझ्या वाट्याला तसे कमीच आले. हा एक मान मात्र जन्मानं माझा होता, आणि तो मी सोडणार नव्हते. तिकडे जाणं शक्य नव्हतं, तेव्हा व्हिडिओ कॉल करायचा, सुहासनं फोन बाळाच्या कानाशी धरायचा आणि मी इथून नाव सांगायचं, असं ठरलं होतं. नाव कुठलं, ते मी सुहासलाही सांगितलं नव्हतं. त्याची अट एकच होती, "आक्का, जर्मन लोकांच्या जिभेला झेपेल असं ठेव."

पण तिकडे बाळंतपणाला माझ्या भावजयीची आई नाशिकहून गेली होती. विहीणबाईंनी आदल्या दिवशी फोनवर गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, "नाही लागला फोन तर काळजी करू नका हं मालनताई. माझ्याकडे आहे एक नाव तयार. कियाना."

कियाना! ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

त्यात आईनं पंचांग काढलं. आमच्या वेळेप्रमाणे दोन चाळीसनंतर चांगलं, आणि मंगळवार असल्यामुळे तीनला राहूकाळ सुरू. सुहास म्हणाला, "आई, जर्मनीतला राहूकाळ वेगळ्या वेळी असतो." आई म्हणाली, "राहू एकच हाय." तेव्हा दोन चाळीस ते तीन. वीस मिनिटं. आणि आमच्या गल्लीत तेव्हा मोबाइलची रेंज म्हणजे गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर दोन काड्या. त्यावर बोलणं व्हायचं, चित्र यायचं नाही. म्हणून तर खास या दिवसासाठी घरी नेट घेतलं होतं.

आदल्या दिवशी केबलच्या ऑफिसातून सातापा आला, वायर ओढली, भिंतीवर तो पांढरा डबा ठोकला. म्हणाला, "ताई, लाइन उद्या सकाळी ऑफिसातनं चालू हुईल. मग फोनवर हे पान उघडायचं आणि चिठ्ठीवरच्या दोन गोष्टी भरायच्या. लाल दिव्याचा हिरवा झाला की झालं. तिकीट फाडण्यापेक्षा सोपं हाय." तो स्वतः दुसऱ्या दिवशी बहिणीच्या लग्नाला आजऱ्याला जाणार होता.

जाता जाता म्हणाला, "चिठ्ठीवरचा पासवर्ड आमचा, लाइन घरात यायसाठी. आता घरातल्या फोननी ती घ्यायची, त्यासाठी तुमचा स्वतःचा एक पासवर्ड द्या. कमीत कमी आठ अक्षरं. दुसऱ्याला कळू नये आणि तुम्ही कधी विसरू नये, असला."

मी थोडा विचार केला आणि आठ अक्षरं घातली. बिचारा सज्जन; तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला. तो पासवर्ड मी कुठंही लिहून ठेवला नाही. लिहिला असता तर त्यालाही हळद लागली असती.

तर साडेबाराला मी फोन घेऊन गच्चीवर गेले. सातापाचा फोन लागेना. लग्नघरात कोण उचलतो? ऑफिसचा नंबर सातव्या वेळी लागला. एक मुलगी बोलली. मी तिला सगळं सांगितलं. हळदीचा भाग आला तेव्हा ती पलीकडे तोंडावर हात ठेवून हसली, ते मला इकडे कळलं.

"मॅडम, पासवर्ड नवीन देता येईल. पण कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः बोलावं लागेल."

लाइट बिल आईच्या नावावर, म्हणून कनेक्शनही आईच्या नावावर. मी जिन्यातून खाली ओरडले. तीनदा.

आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. एका पायरीला एक राम म्हणत ती एकोणीस पायऱ्या चढून वर आली. मी तिला टाकीला टेकवून उभी केली आणि फोन तिच्या कानाला लावला.

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा," मुलगी म्हणाली. माझ्या फोनचा आवाज मोठाच ठेवलेला असतो.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग फोनला विचारलं, "आत्ताचं सांगू का पयलं?"

"आई!" मी म्हटलं. "आधारवरचं सांग."

"मग तसं इचारावं की. कमल वसंत नेसरीकर."

जन्मतारीख विचारली. आईनं तारखेऐवजी गावात पटकी आली होती त्या सालची माघी पौर्णिमा सांगितली. मी पुढं होऊन आधारवरची सांगितली. मुलीनं नवा पासवर्ड सांगितला. कागद कुठं होता? तळहातावर लिहून घेतला. आईनं त्या हाताकडे बघितलं.

"आता हा हात धुवायचा न्हाई म्हण की."

"आणि त्याची पूजाही करायची नाही," मी म्हटलं.

जिना उतरताना तिनं त्या दिवसातल्या चौथ्या वेळी विचारलं, "मालन, मला तरी सांग की काय नाव ठेवणार हाईस."

"नाही."

"मी आजी हाय तिची."

"म्हणूनच नाही."

ती खुदकन हसली, पण मनातून तिला लागलं होतं. नातीचं नाव गल्लीतल्या बायकांबरोबरच आपल्यालाही कळणार, याचं वाईट वाटत होतं तिला. मला दिसत होतं, तरी मी नाव सांगितलं नाही.

खाली येऊन मी ते पान उघडलं. पहिल्यांदा पासवर्डच्या जागी युजरनेम घातलं. दिवा लाल. दुसऱ्यांदा घामानं तळहातावरचा नऊ चारसारखा दिसायला लागला होता. दिवा लाल. मी देवाला म्हटलं, बाबा रे, तुझ्याच अंघोळीपायी हे झालंय, आता तूच निस्तर. तिसऱ्यांदा दिवा जरा वेळ पिवळा झाला, लुकलुकला, आणि हिरवा झाला. दोन वाजून अठरा मिनिटं. शेवटची गाडी मिळालेल्या पॅसेंजरसारखी मी खाली फतकल मारून बसले.

तोवर बायका जमल्या होत्या. बारसं जर्मनीत असलं म्हणून काय झालं, आईनं शेजारच्या रत्नाक्कांचा पाळणा आणून आमच्या बाहेरच्या सोप्यात टांगला होता. त्यात बाळाऐवजी वरवंटा, टोपडं घालून. रत्नाक्का, त्यांची सून पल्लवी, मास्तरणीबाई आणि आणखी पाच-सहाजणी. "मधे गर्दी करू नका, आत सरका, भिंतीकडं जागा आहे," मी सवयीनं म्हणाले, आणि सगळ्या मुकाट सरकल्या.

दोन पस्तीसला कॉल लावला. लागला! सुहास दिसला, झब्बा घातलेला. मागे पाळणा, फुगे, शेजारची दोन जर्मन माणसं, म्हातारा आणि म्हातारी, हात बांधून शिस्तीत उभी. भावजयीच्या मांडीवर बाळ झोपलेलं. आणि शेजारी पैठणीत विहीणबाई.

"दिसतंय का गं आक्का?"

"दिसतंय! सगळं दिसतंय!"

बायका पुढे झेपावल्या. कुणी म्हणालं बापावर गेलीय, कुणी म्हणालं नाक आत्याचं आहे, कुणी म्हणालं असं म्हणू नका, अजून लहान आहे. आई क्षणभर आली, लांबूनच बाळाची अलाबला घेतली, डोळे पुसले आणि घुगऱ्या लागतील म्हणून परत आत पळाली. "नाव सांगायच्या आधी मला हाक मार," एवढं बजावून गेली.

दोन एक्केचाळीस. "चला," सुहास म्हणाला. "फोन नेऊ का कानापाशी?"

"ने," मी म्हटलं. आणि माझा फोन बंद पडला.

तासभर रेंज शोधून शोधून त्याचा जीव गेला होता. चार्जर लावला तर पंधरा मिनिटं तरी तो डोळा उघडणार नव्हता. डोळ्यांसमोर पैठणी दिसली. कियाना.

"माझा घ्या," पल्लवी म्हणाली आणि तिचा मोठा फोन पुढे केला. सुहासचा नंबर मला पाठ होता. ज्या बाईला चंदगडपासून कोल्हापूरपर्यंतचे सगळे टप्पे पाठ, तिला एक नंबर काय जड? पण पल्लवीच्या फोनला आमचं नेट जोडायचं तर आमचा पासवर्ड हवा. "सांगा काकू," ती म्हणाली. बोट तयार ठेवून.

मी माझ्याच बंद फोनचं बटण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

आता सांगायलाच हवं. पासवर्ड म्हणून मी बाळाचंच नाव घातलं होतं. मी कधी विसरणार नाही आणि दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, अशी त्या दिवशी माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती. आणि आता ते बाळाच्या आधी रत्नाक्कांच्या सुनेला सांगायची पाळी आली होती.

"सांगा की, दोन चव्वेचाळीस झाले," मास्तरणीबाई म्हणाल्या.

"मी टाइप करते, आण इकडे."

पण तिच्या फोनवरची अक्षरं मराठीत होती. ती इंग्रजीत कशी करायची ते मला सापडेना. दोन शेचाळीस. शेवटी मी पल्लवीला दंडाला धरून कपाटाच्या कोपऱ्यात ओढली, तिच्या कानाला दोन्ही हातांची ओंजळ लावली, आणि जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं.

"वेणू, वेणू. इंग्रजीत. सलग."

माझ्या हळू आवाजाबद्दल वर सांगितलंच आहे.

आतून झारा पडल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ आईची ओ. "ओऽ! आलो, आलो!"

तिसऱ्या हाकेला नव्हे. पहिल्या. तीही कामात असताना.

ती पदराला हात पुसत धावत बाहेर आली. गुडघे दुखणारी माझी आई अक्षरशः धावत आली, आणि उंबऱ्यावर उभी राहून सोप्यात, दाराकडे, सगळीकडे बघायला लागली. चेहरा असा उजळलेला की मला ती क्षणभर ओळखूच आली नाही.

"कोण आलंय? बापू आला?"

बापूमामा, तिचा भाऊ, जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला वेणू म्हणणारा तो शेवटचा माणूस.

माहेरचं तिचं नाव वेणू. लग्नात तिच्या आजेसासूबाईंचं, म्हणजे माझ्या पणजीचं नाव निघालं वेणूबाई. सुनेला त्या नावानं हाक कशी मारायची? म्हणून ताटात तांदूळ पसरले आणि वडिलांनी अंगठीनं त्यात लिहिलं, कमल. अठराव्या वर्षी. ती तक्रार करणाऱ्यातली नव्हती. पण बापूमामा दिवाळीला यायचा आणि दारातूनच "वेणू, वेणू" अशा दोन हाका मारायचा, तेव्हा ती हातातलं काम टाकून धावायची. लहानपणी मला वाटायचं, मामा आईला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं बोलावतो, आणि आई येतेही! मामा गेला आणि ते नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही.

आई उंबऱ्यात तशीच उभी होती. मग तिची नजर माझ्याकडे वळली, माझ्या ओंजळीकडे, पल्लवीच्या कानाकडे. तिला कळलं. मला सांगायचं होतं ते असं नव्हे. पाळण्याशी बसवून, वाजतगाजत सांगायचं होतं. आणि मी काय बोलले तर, "आई, तो पासवर्ड आहे."

आईनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. नाक ओढलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मग घाल की लौकर," ती म्हणाली. "तीन वाजत आलं."

पल्लवीनं घातला. जोडलं गेलं. दोन बावन्नला सुहास परत दिसला, घामाघूम. मागे विहीणबाई पाळण्याच्या अगदी जवळ सरकून उभ्या होत्या, पदर सावरून, घसा साफ करून.

"व्हा बाजूला!" मी म्हटलं. इकडच्या बायकाही बाजूला झाल्या आणि तिकडचा जर्मन म्हातारासुद्धा दोन पावलं मागे सरला.

सुहासनं फोन बाळाच्या कानाशी नेला. मी आईला ओढून माझ्याशेजारी बसवलं. रत्नाक्कांनी पाळण्याला झोका दिला, वरवंटा डुलला.

"कुर्रर्र... वेणू!"

बाळ दचकून जागं झालं आणि असं रडायला लागलं की सगळ्यांना हसू फुटलं. इकडे बायकांनी "अगंबाई, वेणू! काय गोड नाव!" असा गलका केला. पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांनी ऐकलेलं होतं, पण एकीच्याही चेहऱ्यावर ते दिसलं नाही. गल्लीचे ते उपकार मी अजून विसरले नाही. तिकडे जर्मन म्हातारीनं टाळ्या वाजवून म्हणून दाखवलं, "फेनू." विहीणबाई "छान, जुनं आहे" म्हणाल्या.

"सोपं आहे गं आक्का," सुहास म्हणाला. "मस्त! कुठून सुचलं?"

त्याला माहीत नव्हतं. तो जन्मला तेव्हा मामाचं येणं कमी झालं होतं, आणि आईचं नाव आई याखेरीज दुसरं काही असू शकतं, हे मुलांच्या लक्षात येतं कुठं? मी तोंड उघडलं, पण आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"माझं हाय ते," ती म्हणाली. "पन्नास वर्सं नुस्तं पडून होतं. घे तिला."

स्क्रीनवर त्याचा चेहरा हलायचा थांबला. मला वाटलं, नेट अडकलं. मग तो डोळे पुसताना दिसला, तेव्हा कळलं की नेट चांगलं चाललंय.

तीनला पाच कमी असताना आम्ही घुगऱ्या वाटल्या. राहू बाहेर थांबला होता, असं आई म्हणाली.

परवाच्या मे महिन्यात सुहासची मंडळी आली होती. वेणू आता आठ वर्षांची आहे, मराठी तोडकं बोलते पण आजीशी तासन्‌तास बोलते. काय बोलतात त्या दोघींना ठाऊक. तिनं आल्या आल्या विचारलं, "आत्या, वायफायचा पासवर्ड?" मी म्हटलं, "तुझं नाव. दोनदा." तिनं विचारलं दोनदा का. मी म्हटलं, इंग्रजीत चारच अक्षरं होतात गं, आठ लागतात. मग जरा थांबून म्हटलं, एकदा तुझ्यासाठी आणि एकदा आजीसाठी.

त्याच आठवड्यात सातापा जुना डबा काढून नवा बसवायला आला. आता त्याचे केस पिकलेत. मी आतून जेवायला हाक मारली, "वेणू!" तर गच्चीवरून एक ओ आली आणि देवघरातून एक. दोन्ही पहिल्या हाकेला.

सातापा नवा डबा भिंतीला लावत म्हणाला, "ताई, आता तरी पासवर्ड बदला. अर्धी गल्ली तुमच्या नेटवर चाललीया. सगळ्यास्नी पाठ हाय त्यो."

"असू दे पाठ," मी म्हटलं. "ह्या घरात ते नाव एकदा बदलून झालंय. आता पुन्हा नाही."